क्रिप्टो घ्यायच्या आधी ठेवायची जागा तयार करा

भाव वाढला की विचारणारे पण वाढतात, कुठून घेऊ, कुठलं ॲप चांगलं, आणि घेतल्यावर ते ठेवायचं कुठे हे मात्र कोणी विचारत नाही. माझं मत उलटं आहे. आधी ठेवायची सोय करा आणि मगच पहिला रुपया टाका, म्हणून ही तयारी मी पायरीपायरीने सांगतोय, आणि जे सगळ्यात महत्त्वाचं आहे त्यावर जरा जास्त बोलणार आहे.

रकमेचं पहिलं. बँकेत पैसे असतील तर बँक बुडाली तरी ५ लाखापर्यंत विमा असतो, क्रिप्टोला तसलं काहीही नाही, एक्सचेंज, म्हणजे जिथे क्रिप्टो घेता-विकता ती कंपनी, बुडालं किंवा हॅक झालं तर कुणी भरून देणार नाही. त्यामुळे पोराची फी, घराचा हप्ता, आईबाबांच्या औषधाचे पैसे यातलं काही इकडे वळवू नका, आणि कर्ज काढून तर अजिबातच नाही. आणि अख्खा बिटकॉइन घ्यावा लागतो हा गैरसमज आधी काढून टाका, एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, ५०० रुपयांचा पण घेता येतो, तेव्हा शिकायला छोटी रक्कम पुरते.

मग फोन आणि ईमेल. यासाठी एक वेगळा ईमेल काढा जो तुम्ही कुठेच दिलेला नाही, त्याला नवीन लांबलचक पासवर्ड, आणि ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या, ते कोड तुमच्या फोनमध्येच तयार करतं. कारण सिम स्वॅप होतं, म्हणजे तुमच्या नावाने दुसरा कोणी डुप्लिकेट सिम काढतो आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. ऑथेंटिकेटरचे बॅकअप कोड पण लिहून ठेवा, नाहीतर फोन हरवला की तुम्ही स्वतःच बाहेर.

आता एक्सचेंज. भारतात मार्च २०२३ पासून या कंपन्या मनी लॉन्ड्रिंग कायद्याखाली आल्या आणि त्यांना एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, तर पहिला प्रश्न हाच विचारा की नोंदणी आहे का. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा गेल्या आणि जानेवारीत त्यांची ॲप्स इथे बंद झाली, लोकांची नुसती धावपळ झाली होती. बायनान्सने नंतर नोंदणी केली आणि दंड पण भरला. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नाही हे पण डोक्यात ठेवा. वझीरएक्स आपल्या मुंबईचंच, लाखो लोक त्यावर, आणि १८ जुलै २०२४ ला त्यांच्या एका वॉलेटमधून, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, साधारण २३ कोटी डॉलर गेले, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपये. ते मल्टिसिग वॉलेट होतं, अनेकांच्या सह्या लागायच्या, तरी गेले, स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्यालाच झाली असं कंपनीचं म्हणणं. त्यानंतर पैसे काढणं बंद, प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात, आणि एक्सचेंज परत सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तोवर ज्यांना गरज होती त्यांनी काय करायचं? आणि बरोबर एका वर्षाने, जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्समधून ४.४ कोटी डॉलर गेले, तिथे मात्र ते कंपनीच्या स्वतःच्या ऑपरेशनल खात्यातले होते आणि नुकसान कंपनीने सोसलं, ग्राहकांचं काही गेलं नाही.

म्हणून एक्सचेंज निवडताना फी किती यापेक्षा मी एकच गोष्ट आधी बघतो, कॉइन बाहेर माझ्या वॉलेटला काढता येतो का, कुठल्या नेटवर्कवर, म्हणजे कुठल्या वाटेने, आणि कमीत कमी किती काढता येतो. काही ठिकाणी रुपये टाकता येतात, रुपये काढता येतात, पण कॉइन बाहेर नेता येत नाही. अशा ठिकाणी तुमच्याकडे फक्त स्क्रीनवरचा आकडा असतो.

पैसे भरायचे ते तुमच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यातूनच, आणि पीटूपीच्या, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाशी सौदा करायच्या, नादी नवख्या माणसाने लागूच नये, टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाकडून तर नाहीच. समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले की सायबर पोलीस तुमचं खातं गोठवतात, आणि ते पोलीस स्टेशन बरेचदा तिसऱ्याच राज्यातलं असतं. पगाराचं खातं असं अडकलं तर महिनोन्महिने हाल होतात.

आता ठेवायचं, इथे घाई नको. थोडी रक्कम असेल तर फोनमधलं चांगलं वॉलेट चालतं, पण रक्कम अशी झाली की गेली तर झोप उडेल, तेव्हा हार्डवेअर वॉलेट घ्या, म्हणजे चावी सांभाळणारं छोटं वेगळं डिव्हाइस, लेजर किंवा ट्रेझर सारखं. कंपनीच्या साइटवरून किंवा त्यांनी सांगितलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, सेकंडहँड कधीच नाही, आणि खोक्यात आधीच शब्द छापलेला कागद आला तर ते वापरू नका, तो सापळा असतो. शब्द म्हणजे सीड फ्रेज, बहुतेक वेळा २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले १२ किंवा २४ शब्द जे डिव्हाइस तुमच्यासमोर तयार करतं. खरी चावी तीच! डिव्हाइस मोडलं, हरवलं, काही बिघडत नाही, नवीन डिव्हाइसवर ते शब्द टाकले की सगळं परत येतं, आणि शब्द दुसऱ्याला मिळाले तर त्याला तुमचं डिव्हाइसही लागत नाही आणि पिनही लागत नाही. त्यामुळे शब्द कागदावर हाताने लिहा, क्रमाने, स्वच्छ अक्षरात, दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज नाही, गूगल ड्राइव्ह नाही, प्रिंटआउट नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातला कागद दमट होतो, शाई फुटते, तेव्हा बंद प्लास्टिक पाउचमध्ये ठेवा किंवा स्टीलच्या पट्टीवर कोरा. कस्टमर केअरवाला, पोलीस, बँकवाला, कोणीही शब्द मागितले की तो चोर.

आणि एक रंगीत तालीम कराच. थोडेसे कॉइन वॉलेटला पाठवा, मग डिव्हाइस मुद्दाम रीसेट करा, कागदावरून शब्द टाका आणि बघा कॉइन परत दिसतात का. ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षांनी कळतं की सातवा शब्द चुकीचा लिहिला होता.

पाठवताना नेटवर्क जुळवा, यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन, ट्रॉन नेटवर्कवर आहे की इथेरियमवर हे दोन्हीकडे एकच पाहिजे. पत्ता कॉपी करा पण जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका, चोर लोक सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेल्या पत्त्यावरून बारीक रक्कम पाठवून ठेवतात आणि तुम्ही तोच उचलता. डिव्हाइसच्या स्क्रीनवरचा अख्खा पत्ता वाचा, आधी छोटी रक्कम, पोचली की बाकीची. चुकलं तर परत मागायला बँक नाही.

टॅक्सची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. फायद्यावर सरळ ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, तोटा वजा होत नाही. एका कॉइनवर ५०,००० कमावले आणि दुसऱ्यावर ५०,००० घालवले तरी १५,६०० रुपये टॅक्स भरायचाच. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, तो आयकर खात्याकडच्या तुमच्या टीडीएसच्या नोंदीत येतोय का बघा. एका कॉइनने दुसरा घेतला तरी ती विक्रीच धरतात. दर महिन्याला एक्सचेंजवरून व्यवहारांची फाइल डाउनलोड करून ठेवा, ॲप उद्या बंद पडलं तर हिशोब कुठून आणणार.

दर महिना ठरलेला परतावा म्हणणाऱ्याशी बोलणंच वाढवू नका. गेनबिटकॉइन नावाच्या स्कीमने १८ महिने दरमहा १० टक्के असंच सांगितलं होतं, पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले, कितीतरी घरांची पुंजी गेली. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा, पहिले काही तास फार मोलाचे असतात, आणि बुडालेले पैसे काढून देतो म्हणून फी मागणारा पण त्याच टोळीतला समजा.

राहता राहिलं घर. बायको, नवरा, मोठी मुलं, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना हे सगळं आहे एवढं तरी माहीत पाहिजे. एका कागदावर साध्या मराठीत लिहा, कुठलं एक्सचेंज, कुठलं वॉलेट, डिव्हाइस कुठे, शब्दांचा कागद कोणाकडे विचारायचा, पण शब्द त्या कागदावर लिहू नका. इच्छापत्र असेल तर त्यात उल्लेख करा. आणि एका रविवारी त्यांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने शंभर दोनशे रुपयांचा एक व्यवहार करून घ्या, अडतील तिथे कागदात भर घाला.