अपघाताच्या भरपाईसाठी वकील निवडताना: बेळगाव सीमाभागातील जखमींसाठी

रस्ते अपघातात जखमी झालेल्या माणसाची भरपाई पहिल्या आठ-पंधरा दिवसांत तयार होणाऱ्या कागदांवर बरीचशी ठरून जाते, आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हे कागद कन्नडमध्ये असतात. माझ्या चुलतभावाला खानापूर रस्त्यावर एका मालवाहू गाडीने मागून धडक दिली. दवाखान्यात कॉटवर पडल्या पडल्या त्याने जबाबावर न वाचता सही केली. चार महिन्यांनी वकिलांनी तो जबाब मराठीत समजावून सांगितला, तेव्हा त्यानेच दुचाकी अचानक वळवली असे त्यात लिहिलेले आढळले. ती चूक खोडून काढण्यासाठी साक्षीदार शोधण्यात पुढचे वर्ष गेले. म्हणून वकिलाचा शोध पाय बरा झाल्यावर घेऊ, असे म्हणू नये. घरातील एखाद्या व्यक्तीने तो पहिल्याच आठवड्यात सुरू करावा.

तोवर घरच्यांनी करायची कामे अशी. दवाखान्यात दाखल करताना हा रस्ते अपघात आहे असे स्पष्ट सांगून एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातील नोंद, करून घ्यावी, कारण पुढे मिळणारे जखमेचे प्रमाणपत्र त्याच नोंदीवर उभे राहते. प्रथम खबरीची म्हणजे एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. कन्नड वाचता येणाऱ्या शेजाऱ्याला सोबत न्यावे आणि वाहनाचा क्रमांक, अपघाताची जागा, वेळ व कोणते वाहन कोणत्या दिशेने येत होते, एवढ्या चार गोष्टी सहीपूर्वी मोठ्याने वाचून घ्याव्यात. औषधांची पावती कितीही लहान असली तरी टाकू नये. रुग्णवाहिका, रिक्षा आणि सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोज यांची तारीखवार वही ठेवावी, कारण दाव्यात या खर्चालाही जागा असते.

मुदतीबाबत हयगय करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील भरपाईच्या अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागला नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. उपचारांसाठी २०२५ मध्ये सुरू झालेल्या रोखरहित योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतची सोय आहे. दवाखाना त्या योजनेत आहे का, हे दाखल होतानाच विचारावे.

दावा कोठे दाखल करायचा, हा सीमाभागातील माणसापुढचा खरा पेच आहे. कायद्याने अपघाताच्या ठिकाणचे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी राहतो तेथील मोटार अपघात न्यायाधिकरण निवडता येते. म्हणजे चंदगडच्या माणसाला बेळगावात अपघात झाला तरी तो कोल्हापूर जिल्ह्यात दावा लावू शकतो, आणि कागलजवळ जखमी झालेला बेळगावकर बेळगावातच अर्ज करू शकतो. आपल्या भाषेतले न्यायालय जवळचे वाटते, हे मी समजू शकतो. परंतु पंचनामा करणारे पोलीस आणि उपचार करणारे डॉक्टर यांची साक्ष लागली तर त्यांना दुसऱ्या राज्यातून बोलवावे लागते, आणि कन्नड कागदांची भाषांतरे करून घ्यावी लागतात. डॉक्टर ज्या गावी आहेत त्या गावच्या न्यायाधिकरणाला मी प्राधान्य देईन, कारण अपंगत्व सिद्ध करणारी त्यांची साक्ष हा जखमीच्या दाव्याचा कणा असतो.

मग वकील कसा असावा? कार्यालय मोठे आहे की लहान, हे गौण आहे. मोटार अपघाताचे दावे ते नियमित चालवतात का आणि त्यांतले किती तडजोडीने मिटले व किती निकालापर्यंत गेले, हे मोकळेपणाने विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्यासमोर कन्नड आरोपपत्राचे एक पान ठेवून ते मराठीत समजावून सांगण्याची विनंती करावी. जो वकील ते शांतपणे करतो, तो साक्षीच्या दिवशीही तुम्हाला तयार करून पिंजऱ्यात उभे करील. साक्ष मराठीत देता येते, पण ती इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये टंकलिखित होते, तेव्हा ती वाचून दाखवण्याचा आग्रह आपल्या वकिलाने धरला पाहिजे.

दवाखान्याच्या दारात भेटून ‘साहेब सगळे बघतील’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती कागद देऊ नयेत. वकिलांना जाहिरात करण्यास आणि मध्यस्थांमार्फत पक्षकार गोळा करण्यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई केली आहे. त्याच नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेणारी फी ठरवता येत नाही. ही पद्धत आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि गरीब माणसाला ती सोयीचीही वाटते, पण आयुष्यभर लंगडत जगणाऱ्या माणसाच्या रकमेचा मोठा वाटा त्यात जातो, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. फी ठरावीक व टप्प्याटप्प्याने द्यायची असावी आणि ती कागदावर लिहून घ्यावी. कोऱ्या धनादेशावर किंवा बँकेच्या कोऱ्या पावतीवर सही करू नये. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

रक्कम कशी निघते हे स्वतःला ठाऊक असले, तर लोक अदालतीत विमा कंपनीने पुढे केलेला आकडा पुरेसा आहे की तोकडा, हे ओळखता येते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत महिना १५ हजार रुपये मिळवणारा ३४ वर्षांचा कामगार घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार त्याच्या वयाला १६ हा गुणक लागतो. वर्षाचे १ लाख ८० हजार गुणिले १६ म्हणजे २८ लाख ८० हजार होतात, आणि त्याची कमावण्याची क्षमता २० टक्क्यांनी घटली असे ठरल्यास तोटा ५ लाख ७६ हजार येतो. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले, तर तो ८ लाख ६ हजार ४०० होतो. उपचारखर्च, वेदना आणि बुडालेला पगार वेगळे. येथे कमाईच्या क्षमतेतील घट महत्त्वाची असते. डॉक्टर पायाचे अपंगत्व ३० टक्के लिहितील, पण उभे राहून ओतकाम करणाऱ्याचा तोटा त्याहून जास्त असू शकतो. म्हणून कामाचे नेमके स्वरूप सांगणारे मालकाचे पत्र आणि पगाराची बँकेतील नोंद जपावी.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर सहसा येत नाही. अशा वेळी मालकाकडून वसुली करावी लागते आणि ती फार कष्टाची असते, म्हणून ट्रॅक्टर व ट्रॉली या दोन्हींची कागदपत्रे वकिलाने आरंभीच तपासावीत. दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना स्वतःच्याच दुचाकीवरून पडलेल्या मालकाने आपल्या पॉलिसीतील १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहावे.

निकालानंतर आदेशाची प्रमाणित प्रत स्वतः घ्यावी. भरपाई कमी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते; दावा बेळगावात चालला असेल, तर ते कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते. मंजूर रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवू शकते. शस्त्रक्रियेसाठी त्यातील पैसे लागणार असतील, तर डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून ते मुदतीपूर्वी देण्याचा अर्ज त्याच न्यायाधिकरणाकडे वकिलामार्फत करावा.