सर्टिफिकेट आणि सिक्युरिटी सेटिंगची स्क्रीन बनवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानातून सकाळीच फोन आला. "साहेब, सर्टिफिकेट बाद झालंय म्हणतंय. कालपर्यंत चालत होतं की!" जाऊन बघितलं तर सर्टिफिकेट, म्हणजे साइटची किंवा सही करणाऱ्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, ठणठणीत होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. रात्री लाइट गेली आणि कॉम्प्युटरचं घड्याळ 2009 सालात जाऊन बसलं. सर्टिफिकेटवर सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा असतात आणि त्या घड्याळाशी ताडल्या जातात. 2009 साली आजचं सर्टिफिकेट सुरूच झालेलं नसतं.

आम्ही बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर एवढंच होतं: "सर्टिफिकेट अवैध. पुढे जायचं?" दिवाणजींनी दोनदा "हो" दाबलं होतं. त्यात त्यांची काहीच चूक नाही.

सगळ्या दुखण्यांना एकच निरोप

मुदत संपली, मुदत सुरू झाली नाही, साइटचं नाव जुळत नाही, सर्टिफिकेट देणारा ओळखीचा नाही. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारींचे उपाय वेगळे. घड्याळाचं तर सॉफ्टवेअरला स्वतःच ओळखता येतं. घड्याळातली तारीख सॉफ्टवेअर तयार झालं त्या तारखेच्याही मागची असेल, तर घड्याळच चुकलंय. मग सरळ लिहा: "या कॉम्प्युटरची तारीख 1 जानेवारी 2009 दिसते. ती दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करा." एरर कोड खाली बारीक अक्षरात असू द्या, तो सपोर्टवाल्याला लागतो.

"हो" दाबायची सवय लावणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीत मशीनचं सेटिंग पान ब्राउझरमध्ये उघडतात. त्याचं सर्टिफिकेट मशीननेच स्वतःला दिलेलं असतं, म्हणून ऑपरेटरला रोज इशारा दिसतो आणि तो रोज "पुढे" दाबतो. उद्या मशीन आणि ब्राउझरच्या मधे खरंच कोणी घुसलं, तरी इशारा तोच दिसेल आणि बोटही तिथंच जाईल. त्यापेक्षा पहिल्यांदा जाणकाराकडून ते सर्टिफिकेट तपासून घ्या, त्याची खूण साठवा आणि ती बदलली तरच अडवा. अडवल्यावर ठळक बटण "परत जा"चं ठेवा.

सहीच्या यादीत एकच नाव तीनदा

जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी शाहूपुरीतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात उभं राहून बघा. यूएसबी टोकन, म्हणजे सहीची सर्टिफिकेटं ठेवलेलं पेनड्राइव्हसारखं उपकरण, लावलं की यादी उघडते आणि मालकाचं तेच नाव तीन ओळींत दिसतं. एक सहीचं, एक एन्क्रिप्शनचं (मजकूर कुलूपबंद करण्याचं), एक मुदत संपलेलं. पोरगं अंदाजाने निवडतं, पोर्टल नाकारतं, आणि मग पिन चुकला असेल म्हणून ते पुन्हा पुन्हा पिन मारत बसतं. ठरावीक चुकांनंतर टोकनच लॉक होतं. म्हणून प्रत्येक ओळीत "सहीसाठी" की "एन्क्रिप्शनसाठी" ते लिहा, मुदतीची तारीख द्या, बाद झालेलं सर्टिफिकेट यादीतून बाजूला ठेवा. पिनच्या चौकटीशेजारी किती प्रयत्न उरलेत हे टोकनकडून समजत असेल, तर ते मोठ्या अक्षरात दाखवा.

कुलूप दाखवून "सुरक्षित" म्हणणं

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडचा दुकानदार सच्चा आहे की लबाड, हे त्यातून कळत नाही. पण कुलूप म्हणजे दुकानदार सच्चा, असंच लोक समजत होते, म्हणून क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये ते चिन्ह काढलं.

जुन्या प्रोटोकॉलची टिक

सेटिंगमध्ये जुने प्रोटोकॉल चालू ठेवायची टिक सगळ्यांसाठी देऊ नका. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं कुलूपबंद करणारा प्रोटोकॉल; त्याच्या 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या मार्च 2021 मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. एखाद्या जुन्या मशीनसाठी सवलत द्यावीच लागली तर त्या एका पत्त्यापुरतीच द्या, सगळ्या ऑफिससाठी नको.

मुदतीची आठवण भलत्याला

वेबसाइटच्या सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 पासून 100 आणि 2029 पासून 47 दिवस ठरली आहे. कॅलेंडरवर खूण करून हे निभणार नाही. "आपोआप नूतनीकरण शेवटचं कधी यशस्वी झालं" ही ओळ स्क्रीनवर सगळ्यात वर ठेवा आणि ते फसलं तर निरोप सर्व्हर सांभाळणाऱ्याला पाठवा. अडतीवरच्या दिवाणजींना तो दिसून उपयोग नाही.

हल्ली नवी स्क्रीन देण्याआधी मी त्याच दुकानात जातो, कॉम्प्युटरची तारीख मागे करतो आणि दिवाणजींना काही न सांगता शेजारी बसतो. त्यांनी स्वतःहून घड्याळ दुरुस्त केलं, तरच ती स्क्रीन पुढे जाते.