कॉम्प्युटर मंदावला? नवा घेण्याआधी हे तपासा

घरातला डेस्कटॉप मंदावला की लोक थेट बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन नव्या मशीनचं कोटेशन आणतात. त्याआधी अडतंय कुठे ते शोधा. त्याला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही.

नागपुरात तपासणीची सुरुवात उष्णतेपासून करावी. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना प्रोसेसरला थंड हवा मिळत नाही. तापमान शंभरीकडे गेलं की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. जड काम चालू असताना तिथला चालू वेग ‘बेस स्पीड’च्या बराच खाली घसरत असेल, तर पॉवर सेव्हर बंद आहे ना ते पाहा. तो बंद असूनही वेग घसरत असेल, तर बहुतेक वेळा कारण उष्णताच असतं.

अशा वेळी आधी साफसफाई. प्लग काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि ब्लोअरने धूळ उडवा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता वरच्या हीटसिंककडे, म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे नेणारा लेप) वाळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. ओलसर हवेने धूळ हीटसिंकला लिंपल्यासारखी चिकटते आणि मग नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

थंड होऊनही मशीन रखडतंय? टास्क मॅनेजरमध्ये डिस्क पाहा. साधं ब्राउझर उघडतानाही ती सतत 100 टक्के दिसत असेल आणि प्रकार ‘एचडीडी’ (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) असेल, तर एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवण्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होणार नाही. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीवर फिरत राहतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली लागतात, वेळ तिथेच जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. जुन्या बोर्डाला (मदरबोर्डला) 2.5 इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची, चालते. एम डॉट टू (थेट बोर्डावर बसणारी कार्डासारखी एसएसडी) घेणार असाल तर बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये तो स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा (जास्त वेगवान जोडणीचा) ते आधी वाचा. दोन्ही कार्डं दिसायला सारखी असतात, पण चुकीचं घेतलं तर मशीन ते ओळखणारच नाही.

रॅमचा निर्णय आकड्यावर घ्या. तुमची रोजची कामं एकदम उघडून मेमरी पाहा. 85-90 टक्क्यांच्या वर राहत असेल तरच रॅम वाढवा. 4 जीबीवरून 8 केल्यास फरक लगेच जाणवतो. 16 वरून 32 केल्याने टॅली, झूम आणि मुलांच्या अभ्यासात काही बदलत नाही. डीडीआर 3, 4 आणि 5 या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, त्यामुळे दुकानात जाताना जुन्या पट्टीचा फोटो न्या. विंडोज 32-बिट असेल तर 4 जीबीच्या पुढची रॅम वाया जाते.

आता प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या नियमित अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याआधीच्या मशीनवर बँकेची कामं होत असतील तर तिच्यावर मोठा खर्च करू नका. तिथे प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड बदलायचा, बोर्डासोबत बहुधा रॅमही, आणि ग्राफिक्स कार्ड घालायचं तर एसएमपीएसही. हे सगळं मिळून नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवंच घ्या. नुसती एसएसडी घेतली असेल तर ती पुढे नव्या मशीनमध्येही लावता येते, म्हणून तो खर्च फुकट जात नाही.

काहीही बदलण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. एसएसडीवर विंडोज नीट चालू झाल्यावरही जुनी हार्ड डिस्क महिनाभर तशीच ठेवा, लगेच फॉरमॅट मारू नका. एखादा फोल्डर राहून गेल्याचं बरेचदा नंतरच लक्षात येतं.