आठवड्याचा सेमिनार: यजमानाची तयारी

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत किंवा शेजारच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रात सेमिनार लावायचं काम गळ्यात पडलं, की आधी तारखांचं बघून घ्या. दोन्ही संस्था विद्यापीठाच्या आवारात, श्रोतेही बरेचसे तेच. तेव्हा दोन्हीकडची वेळापत्रकं समोर ठेवल्याशिवाय कुणाला तारीख कळवू नका. जीएमआरटीवर, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर, निरीक्षणासाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. त्या मुदतीच्या आठवड्यात रेडिओवाली मंडळी तुमच्याकडे फिरकायची नाहीत. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या वार्षिक अधिवेशनाचा आठवडा तर सरळ सोडून द्या.

वक्त्याकडून भाषणाचा गोषवारा दहा दिवस आधी मागा, म्हणजे चार दिवस आधी तरी हातात पडेल. आला की वाचा आणि बघा, विषयाबाहेरच्या माणसाला पहिली दोन-तीन वाक्यं कळतात का. आपल्याकडे शेजारच्या खोलीतला माणूसही विषयाबाहेरचा असतो. प्रत्येकाची मापं वेगळी: रेडिओवाला जान्स्कीत (रेडिओ लहरींच्या तीव्रतेचं एकक) बोलतो, क्ष-किरणवाला किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये (ऊर्जेचं एकक), आणि दृश्य प्रकाशवाला ‘प्रत’ या तेजाच्या मापात, जिथे आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. विश्वरचनेवाला अंतराऐवजी ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते) सांगून मोकळा होतो. ताऱ्यांवर काम करणाऱ्याला अंतर पार्सेकमध्ये (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) हवं असतं. ताऱ्यांचं तापमान आणि तेज दाखवणाऱ्या हर्ट्झस्प्रुंग-रसेल आलेखात तापमान डावीकडे वाढत जातं, हे भौतिकशास्त्रातून नुकत्या आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक कुणी सांगितलेलंच नसतं. तो बिचारा आलेख उलटा वाचत बसतो आणि विचारायला लाजतो. म्हणून वक्त्याला मेलमध्ये स्वच्छ लिहा: प्रत्येक आलेखाचे अक्ष आणि एककं तोंडाने सांगा. वक्ता कितीही मोठा असला तरी हे लिहायला संकोचू नका. माझ्या मते यजमानाचं खरं काम हेच, बाकी सगळी हमाली.

विषयात हबल स्थिरांक (विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते सांगणारा आकडा) येत असेल, तर कोणता आकडा धरलाय ते सुरुवातीलाच सांगायला लावा. प्लँक उपग्रहाच्या मोजणीवरून तो सुमारे ६७ (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) येतो, सेफीड (ठरावीक काळाने तेज बदलणारे) तारे आणि अतिनवताऱ्यांवरून (सुपरनोव्हा) सुमारे ७३. हा वाद शेवटी निघाला तर प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ तिथेच जातो.

आता हमाली. अर्धा तास आधी सभागृहात जाऊन शेवटच्या रांगेत बसा आणि स्लाइड्स तिथून बघा. खगोलशास्त्रज्ञांना काळ्या पार्श्वभूमीचा भारी सोस. त्यावरच्या गडद निळ्या रेषा लॅपटॉपवर झकास दिसतात, प्रोजेक्टरवर गायब. व्हिडिओ असेल तर चालवून बघा, पीडीएफची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. लेझर पॉइंटर ऑनलाइन बसलेल्यांना दिसत नाही, तेव्हा वक्त्याला माउसचा कर्सर वापरायला सांगा. समोरून आलेला प्रश्न त्याने माइकवर पुन्हा उच्चारावा, नाहीतर पलीकडच्यांना नुसतं उत्तर ऐकू येतं. रेकॉर्डिंगची परवानगी आधीच विचारा. मोठ्या गटाचे अप्रकाशित निकाल असतील तर वक्त्यालाही ती देण्याचा अधिकार नसतो.

पाहुणा विमानाने येणार असेल तर लोहगावहून निघताना विद्यापीठ चौकातल्या कोंडीचा वेळ धरा. त्याला जीएमआरटी बघायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा. खोडद पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना दुरून बघून कुणाचं समाधान होत नाही. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, म्हणून गाडीवाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवून टाका.

सेमिनारच्या दिवशी सकाळी आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या वेबसाइटवरची नवी यादी चाळा. याच विषयावर दुसऱ्या कुणाचा पेपर आला असेल तर वक्त्याला ते तुमच्याकडून कळावं, भर सभेत नको. जेवायला त्याला विद्यार्थ्यांबरोबर बसवा. प्राध्यापक त्याला एरवीही गाठतातच. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा, आणि कुणीच हात वर केला नाही तर विचारायला एक साधा प्रश्न तुमच्या वहीत लिहिलेला असू द्या. चहा आणि बिस्किटं मात्र भाषण संपायच्या आधी दाराबाहेर लावून घेऊ नका. मागच्या दोन रांगा तिकडेच बघत बसतात.