तरवड लावायचा तर बीच टोका

तरवडाचं रोप विकत आणण्यापेक्षा बी टोकलेलं बरं. त्याचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं, पिशवीत मात्र ते वेटोळं घालून बसतं. मुरमाड उतार, रस्त्यासाठी ओरबाडलेली कड, उघडा पडलेला बांध, अशा जागी हे मूळच खरं कामाचं.

बी गोळा करण्याआधी झुडूप नीट ओळखा. टाकळ्यालाही पिवळीच फुलं येतात, पण तो पावसाळ्यापुरता आणि त्याच्या शेंगा बारीक, लांब. तरवड वर्षानुवर्षं टिकतो, माणसाच्या उंचीला जातो. पानाच्या देठाच्या बुडाशी बघा. तिथे कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णं दिसली की शंका घेऊ नका. शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ असते.

शेंगा झाडावर वाळून तपकिरी झाल्या की तोडा. भोक पडलेलं बी किडीनं खाल्लेलं, ते काढून टाका. उरलेल्याचं टरफल फार टणक. पाणी उकळून खाली उतरवा, मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवा. आचेवर बी शिजवू नका. सकाळी फुगलेलं बी त्याच दिवशी टोका. जे फुगलं नाही त्याची कड नेलकटरनं जराशी टवका आणि पुन्हा भिजवा.

जूनमध्ये एकदोन दमदार पाऊस झाले की पहारीनं मुरूम सैल करून सेंटीमीटरभर खोल बी टाका. कुंपणासाठी 3-4 फुटांचं अंतर ठेवा. ऊन भरपूर हवं, पाणी साचायला नको. शेणखत मी घालत नाही, गरजच पडत नाही. पहिला उन्हाळा कडक असेल तर अधूनमधून तांब्याभर पाणी द्या. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे काटेरी आडोसाही लागत नाही.

नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुलं हवीतच, पण अख्खं झुडूप ओरबाडू नका. सकाळी थोडा वेळ थांबून बघा: काळा भुंगा फुलाला बिलगतो, अंग थरथरवतो आणि परागकोषाच्या टोकाच्या भोकातून पराग उडतो. पानांवरच्या हिरव्या अळ्या पुढे फुलपाखरं होतात, म्हणून फवारणी अजिबात नको.

छाटणी करायची ती शेंगा उतरवल्यानंतर, पावसाच्या तोंडावर.