टाचदुखी आणि फॅशिया: बाटली, रोलर, मालीश... या चुका टाळा

सकाळी अंथरुणातून उठायचं, पहिलं पाऊल फरशीवर टेकवायचं आणि टाचेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखी कळ जायची, मग भिंतीला धरून चार पावलं लंगडत बाथरूमपर्यंत, आणि चहा होईपर्यंत जरा बरं. असं ज्यांचं रोज होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी शाळेत शिकवते, दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभी असते, आणि हे दुखणं मी चौदा महिने काढलं. त्यातले निदान आठ महिने माझ्या स्वतःच्या उद्योगांमुळे वाढले असं आता मला पक्कं वाटतं. तेव्हा ते उद्योग आधी सांगते.

त्याआधी ही फॅशिया म्हणजे काय ते. मटण धुताना त्यावर पांढुरका, चिवट, ओढला तरी तुटत नाही असा पापुद्रा असतो ना, तोच. आपल्याही अंगात तो सगळीकडे आहे, कातडीखाली, प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूच्या आत धाग्याधाग्याभोवती. काही ठिकाणी जाळीसारखा पातळ तर काही ठिकाणी पट्ट्यासारखा जाड. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत असाच एक जाड पट्टा जातो, तो प्लांटार फॅशिया, आणि माझं हे टाचेचं दुखणं त्याचंच. आपल्याकडे या सगळ्यालाच शीर म्हणायची पद्धत आहे, शीर आखडली, शिरेवर शीर चढली, पण बऱ्याच वेळा तिथे शीरबीर काही नसतं.

एक गंमत करून बघा. उभं राहा, पायाचा अंगठा हाताने वर उचला. तळपायाची कमान आपोआप वर चढते. स्नायू काहीच करत नाहीये, नुसता पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळला जातोय, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळतो तसा. हिक्स नावाच्या माणसाने १९५४ मध्ये हे रहाटाचं गणित मांडलं. म्हणजे चालताना टाच उचलली, बोटं वाकली, की प्रत्येक पावलाला हा दोर ताणला जातो आणि पाय कडक होऊन पुढे ढकलतो. पळताना तर तळपायाची कमान स्प्रिंगसारखी दबून परत उसळते, १९८७ च्या एका अभ्यासात प्रत्येक पावलातली साधारण १७ टक्के ऊर्जा एकटी कमान साठवून परत देते असं निघालं, आणि घोट्यामागचा जाड दोर, म्हणजे अकिलीस, ३५ टक्के. तर हा असा भार उचलणारा दोर आहे. माझ्या सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच झाल्या.

जितकं जोरात दाबू तितकं मोकळं होईल

ही माझी सगळ्यात मोठी चूक. कुणीतरी सांगितलं की तिथे गाठी झाल्यात, चिकटलंय, ते फोडायला हवं. मग काय, गोठवलेली पाण्याची बाटली, मग टेनिस बॉल, मग क्रिकेटचा सीझन बॉल (हो, खरंच), त्यावर सगळं वजन टाकून दात-ओठ खात टाच घासायची. एका मसाजवाल्या बाईंनी तर कोपराने दाबलं, डोळ्यात पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या दुखतंय म्हणजे सुटतंय. दुसऱ्या दिवशी मला पाय टेकवता येईना.

या कल्पनेचं मूळ जुनं आहे. अमेरिकेत आयडा रोल्फ म्हणून बाई होत्या (१८९६–१९७९), जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या, त्यांनी मांडलं की फॅशिया मातीसारखी आहे, हाताने दाबून शरीराचा आकार बदलता येतो. त्यावरून रोल्फिंग नावाची पद्धतच निघाली. पण २००८ मध्ये काही जणांनी हिशोब करून बघितला, आणि मजा अशी की त्यातले एक, रॉबर्ट श्लाइप, स्वतः रोल्फिंग करणारे. मांडीच्या बाहेरच्या जाड फॅशियाला फक्त १ टक्का दाबायचं आणि १ टक्का सरकवायचं तर वरून सुमारे ९२५ किलो आणि आडवा ४६० किलो इतका जोर लागेल असं उत्तर आलं. तळपायाच्या पट्ट्याचंही तेच, माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेर. आता सांगा, माझा सीझन बॉल काय फोडणार होता? फुटलं असेल तर माझंच नशीब.

मग मालीश केल्यावर बरं का वाटतं? वाटतं, आणि ते खोटं नाही. फॅशियात मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात, सावकाश उबदार दाब आला की मेंदू त्या भागाचा ताण कमी करतो, दुखण्याचा आवाज खाली येतो. शिवाय पापुद्र्यांच्या मधे हायलुरोनिक ॲसिड नावाचं बुळबुळीत वंगण असतं, हालचाल नसली की ते घट्ट होतं आणि ऊब नि हालचाल मिळाली की पुन्हा पातळ होऊन थर एकमेकांवर सरकायला लागतात, असं इटलीतल्या पाडुआच्या संशोधकांचं म्हणणं आहे. आमची आजी वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकायला लावायची, त्यात मला आता तरी काही अडाणीपणा दिसत नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावतात त्याचं मात्र मी काही बोलत नाही, आमच्या घरात पायाळू मीच आहे आणि लहानपणी गल्लीभर फिरवायचे मला.

तर दाब सोसवेल इतकाच. नाक मुरडलं जाईल इथपर्यंत ठीक, श्वास रोखून धरावा लागला तर जास्त झालं. दोन-तीन मिनिटं, बास. आणि त्यातून जी मोकळीक येते ती थोडाच वेळ टिकते, म्हणून तेवढ्यात उठून पाय हलवून घ्या, परत सोफ्यावर बसलात तर काय उपयोग.

पळणाऱ्या लोकांसाठी जाता जाता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं म्हणून मांडीच्या कडेच्या आयटी बँडवर फोम रोलर फिरवून स्वतःला रडवू नका. तो पट्टा मांडीच्या हाडाला घट्ट बांधलेला आहे, तो लांब होत नाही, आणि दुखतं ते बहुतेक त्याच्याखाली दबलेल्या चरबीच्या गादीत. नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम करा, पळणं थोडं कमी करा.

आराम, आराम आणि नुसता आराम

बाटलीने झालं नाही तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेले. मे महिन्याच्या सुट्टीत पाय वर करून बसले, दुखणं गेलं, मी खूश. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी होतं तिथेच. तेव्हा वाटलं माझंच शरीर खराब आहे. खरं तर साधं आहे, भार काढून घेतला की दुखणं कमी होतं पण दोर काही मजबूत होत नाही, उलट थोडा कमजोरच होतो, आणि मग अचानक आठ तास उभं राहायला लावलं तर तो बोंबलणारच.

आणि या दुखण्याचं डॉक्टरी नाव प्लांटार फॅशियायटिस, त्यातल्या 'आयटिस'चा अर्थ सूज, म्हणून हे दुखणं म्हणजे सूज असं वाटतं, पण २००३ मध्ये ऑपरेशनमधून काढलेले ५० नमुने तपासले तेव्हा त्यात सुजेच्या खुणा नव्हत्या, धागे विस्कटलेले, झिजलेले होते. म्हणून नुसत्या सुजेच्या गोळ्यांवर महिनोन्महिने काढण्यात अर्थ नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे छान आराम देतं हे खरं, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा तुटायचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांना तेवढं विचारून मगच.

मला ज्याने खरा फरक पडला ते डेन्मार्कमधल्या मायकल रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातलं आहे, ४८ जणांवर केलेलं. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात आणि तो रहाट ताणला जातो. आता टाच वर उचलायची, ३ सेकंदात वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदात खाली. एकदम सावकाश. एक दिवसाआड. आधी १२ वेळा असे ३ राउंड, दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर अडकवून त्यात पुस्तकं घालायची आणि १० वेळा असे ४ राउंड, अजून दोन आठवड्यांनी आणखी पुस्तकं आणि ८ वेळा असे ५. तीन महिन्यांनी हे करणाऱ्यांचं दुखणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट सारखेच, हेही सांगायला हवं, म्हणजे ही काही जादू नाही, लवकर बरं वाटतं इतकंच. मला ते लवकर हवंच होतं.

स्ट्रेचिंग सोडायचं असं नाही. मांडीवर पाय घेऊन हाताने बोटं मागे ओढायची, १० सेकंद धरायचं, असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा, आणि त्यातलं पहिलं सकाळी अंथरुणातच, पाय जमिनीला लागायच्या आधी. हे एकटं केल्याने खिळा जवळजवळ निम्म्यावर आला माझा.

रोज करते, मग गुण का नाही?

कारण रोज करता म्हणून. स्ट्रेचिंग रोज चालतं, पण तो पायरीवरचा टाच उचलायचा व्यायाम मी पहिल्या आठवड्यात उत्साहाने सकाळ-संध्याकाळ करायचे आणि पोटऱ्या आणि टाच दोन्ही पेटल्या. हा पापुद्रा कोलॅजेन नावाच्या चिवट धाग्यांचा असतो, आणि व्यायामानंतर नवीन कोलॅजेन बनायचं काम साधारण दिवसभराने जोरावर येतं आणि दोन-तीन दिवस चालतं. मधे जागाच दिली नाही तर मोडतोड जास्त आणि डागडुजी कमी. स्नायू आठवड्यात बरे होतात, हे सगळं महिन्यांच्या हिशोबात चालतं. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून चौथ्या उपायाकडे जाणारी माणसं मी आमच्याच स्टाफरूममध्ये तीन बघितलीत, त्यातली एक मी.

उलटी चूकही तितकीच, एक दिवस छान वाटलं की लगेच सिंहगड. एका रविवारी मी तेच केलं आणि पुढचे तीन आठवडे भोगले.

एक्सरेतला काटा

एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतं, घरात लगेच काटा काढायची भाषा सुरू होते. पण अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेलाही असा काटा असतो, आणि काटा तसाच राहून दुखणं पूर्ण जाऊ शकतं. माझा अजून आहे. सोनोग्राफीत पट्टा ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसणं हे त्या मानाने जास्त कामाचं लक्षण.

घरात अनवाणी फिरू नका, निदान हे काही महिने तरी. आपल्याकडे देवघर, स्वयंपाकघर, सगळीकडे अनवाणी आणि खाली टाइल्स नाहीतर ग्रॅनाइट, सासूबाईंनी आधी भुवया उंचावल्या होत्या, मग मी घरातल्यासाठी वेगळी मऊ चप्पल आणली आणि विषय संपला.

अडलं तर

व्यायाम करताना टाच दुखतेय: दहापैकी चार-पाच इतकं चालतं, अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा वाईट नको. वाईट झालं तर पुस्तकं कमी करा, व्यायाम बंद करू नका. एका पायावर जमतच नाही तर दोन्ही पायांवर उचला आणि हळूहळू वजन दुखऱ्या पायाकडे न्या. टॉवेलने अंगठा दुखतोय तर गुंडाळी बारीक करा.

कमरेच्या लोकांसाठी एक: हेलेन लँजव्हिन यांच्या गटाने २०११ मध्ये सोनोग्राफीवर बघितलं तेव्हा जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या कमरेतले फॅशियाचे थर एकमेकांवर सुमारे २० टक्के कमी सरकत होते. आता थर सरकत नाहीत म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून माणूस हलत नाही आणि मग थर सरकत नाहीत, ते त्यातून कळत नाही. तेव्हा तुमचे थर चिकटलेत, दहा सिटिंगचं पॅकेज घ्या असं कुणी म्हणालं तर मान डोलवून घरी या.

आणि ज्यात हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा ते: टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर सणकन दुखत असेल तर हाडाला बारीक भेग असू शकते. तळव्याला मुंग्या, जळजळ असेल तर नस दबलेली असू शकते. पळताना फट् असा आवाज होऊन एकदम दुखलं आणि काळंनिळं झालं तर पट्टा फाटला असेल. तरुण मुलगा, दोन्ही टाचा, वर सकाळी कंबर तासभर आखडलेली, तर संधिवाताचा डॉक्टर. शुगर असेल आणि पायाला संवेदना कमी असतील तर तापलेली वीटही नको आणि बर्फाची बाटलीही नको, भाजलेलं कळतसुद्धा नाही. आणि हो, शुगरवाल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, तिथेही सांध्याभोवतीचं आवरणच घट्ट झालेलं असतं, आणि तो हात धरून जोरात वर ओढणारा मालीशवाला भेटला तर आधी हात सोडवून घ्या.