फळांवरून शोभेचे अनोळखी झुडूप कसे ओळखावे

बागेत किंवा सोसायटीच्या कुंपणाशी एखाद्या अनोळखी झुडपाला वाटाण्याएवढ्या फळांचे घोस लगडलेले दिसले, की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते आणि ओळख नेमकी तिथेच चुकते. रंग पिकण्याबरोबर पालटतो. हमेलिया या शोभेच्या झुडपाच्या एकाच घोसात हिरवी, लाल आणि काळी फळे शेजारीशेजारी असतात. म्हणून फळ तोडण्यापूर्वी त्याचा देठ आणि टोक पाहावे.

कळीला बाहेरून वेढणारे हिरवे आवरण, म्हणजे निदलपुंज, फळावर कुठे उरला आहे हा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. वांग्यात तो देठाकडे टोपीसारखा असतो, तर पेरूत आणि डाळिंबात टोकाला मुकुटासारखा. हमेलियाचे फळ पेरूच्या वळणाचे असते. टोकाला बारीक कडे दिसते आणि फळ चिरल्यावर आत बारीक बियांची गर्दी आढळते. त्याच झुडपाच्या पेरावर बहुधा तीन-तीन पाने एकत्र येतात, एवढ्यावरून ओळख जवळजवळ पक्की होते.

ड्युरांटा या दुसऱ्या शोभेच्या झुडपाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा निदलपुंज फळाबरोबर वाढत जाऊन सबंध फळाला झाकतो, त्यामुळे आपण ज्याला फळाची नारिंगी-पिवळी साल समजतो ती खरे तर निदलपुंजाचीच असते. लोंबत्या घोसातले एक फळ भिंगाखाली धरल्यास टोकाशी एका बाजूला मुरडलेली लहानशी चोच दिसते. नखाने ते आवरण सोलले की आतले गोल फळ निघते आणि त्यात चार कठीण आठळ्या असतात. ही मुरडलेली चोच एकदा पाहिली की सहसा विसरत नाही.

ड्युरांटाची पाने बहुधा समोरासमोर असतात, पण त्याच कुळातल्या घाणेरीचीही तशीच असतात, त्यामुळे केवळ पानांच्या मांडणीवर विसंबू नये. घाणेरीची फळे मात्र दाट गुच्छात येतात, पिकल्यावर काळसर जांभळी होतात आणि प्रत्येकात एकच आठळी असते. पान चुरडल्यावर येणारा उग्र दर्प तर नावातच आहे.

लाल, किंचित लांबट आणि टोकदार फळ असेल, पाने संयुक्त, म्हणजे एकाच दांड्यावर अनेक लहान दले (पानाचे सुटे भाग) असलेली असून ती दले एकाआड एक असतील, तर कुंतीचा विचार करावा. दल चुरडून वास घ्यावा, कारण कुंती लिंबाच्या कुळातली आहे. फळाच्या सालीवर तेलग्रंथींचे बारीक ठिपके असतात आणि आतील एक-दोन बियांवर लव असते.

चव घेऊन पाहणे ही ओळखण्याची पद्धत नव्हे. ड्युरांटाची फळे माणसाला विषारी आहेत. पक्षी ती खातात, म्हणून ती मुलांना चालतील असे समजणे धोक्याचे आहे. फळे हाताळल्यावर हात धुवावेत, आणि फांदी तोडल्यावर पांढरा चीक आला तर तो डोळ्यांना लागू देऊ नये.

छायाचित्र घेताना केवळ घोसाचे न घेता फळाचे टोक, देठ, पानांसह एक पेर आणि उभे चिरलेले फळ अशी चार तरी घ्यावीत व मापासाठी शेजारी नाणे ठेवावे. सतत कातरल्या जाणाऱ्या पिवळ्या पानांच्या ड्युरांटाला फळे क्वचितच धरतात, त्यामुळे अनेकांना स्वतःच्या फाटकाशी असलेले झुडूप दुसरीकडे फळांनी वाकलेले दिसले, तरी ओळखता येत नाही.